गुलमर्गची हौशी स्की-स्पर्धा इंदूरहून कशी आखावी

इंदूरच्या मराठी मंडळींसाठी गुलमर्गला हौशी स्की-स्पर्धा भरवायची ठरली की पहिली अडचण बर्फाच्याही आधी येते, ती तिकिटांची. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, आणि वीस-पंचवीस जणांना एकत्र जायचे असेल तर ते त्याच सुमारास करून टाकावे लागते. हवामानाचा अंदाज मात्र पाच-सहा दिवसांपलीकडे भरवशाचा राहत नाही. या दोन्हींच्या मधल्या काळात आयोजकाने काय पक्के केले आणि काय मोकळे ठेवले, यावरच पुढचे सगळे अवलंबून असते.

बर्फाची हुलकावणी मोठ्या आयोजकांनाही चुकलेली नाही. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा २०२५ चा गुलमर्गमधील टप्पा २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता, पण पुरेसा बर्फ नसल्याने तो लांबणीवर पडला आणि अखेर ९ ते १२ मार्च या काळात पार पडला. काश्मीरमध्ये हिवाळ्यात बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून सरकत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांमुळे, आणि ते किती येतील व केव्हा येतील हे दोन महिने आधी कोणीही सांगू शकत नाही. तिथले लोक थंडीचे तीन भाग मानतात: २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. नवशिक्यांसाठी मी चिल्लई खुर्दाचा, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याचा काळ पसंत करतो, कारण तोवर खाली बर्फाचा थर बसलेला असतो आणि दिवसही थोडा मोठा झालेला असतो.

मुक्काम पक्का करावा, स्पर्धेचा दिवस मात्र पक्का करू नये. गुलमर्गला सलग सहा दिवस राहावे. पहिला दिवस विश्रांतीचा, पुढचे शिकण्याचे, आणि तिसऱ्या दिवसानंतर जी पहिली चांगली सकाळ मिळेल ती स्पर्धेची. हे मी चूक करून शिकलो आहे. पहिल्या वर्षी आम्ही फलकावर तारीख छापली होती आणि पाहुण्यांना तीच कळवली होती. त्या सकाळी इतके धुके उतरले की उभ्या जागेवरून मार्ग दाखवणारी दुसरी झेंडी दिसत नव्हती. तरीही पाहुणे आले आहेत म्हणून आम्ही स्पर्धा सुरू केली, आणि आमच्यातील एक ताई मार्ग सोडून खाली गेल्या व त्यांचा गुडघा दुखावला. तो निर्णय माझा होता. तेव्हापासून स्पर्धा कोणत्या परिस्थितीत होणार नाही, हे आम्ही इंदूरमध्येच, वर्गणी गोळा करण्याआधी लिहून काढतो आणि सर्वांची सही घेतो: सुरुवातीच्या जागेवरून तिसरी झेंडी दिसत नसेल, वाऱ्याने झेंड्यांच्या काठ्या वाकत असतील, उतारावर कुठेही गवत किंवा दगड उघडा पडला असेल, किंवा श्रीनगरचा रस्ता बंद असेल, तर स्पर्धा नाही. निर्णय एकाच माणसाने, शक्यतो तिथल्या प्रशिक्षकाने, सकाळी साडेसातला घ्यावा आणि मंडळाच्या अध्यक्षांनीही त्यावर वाद घालू नये.

जागा गोंडोलाच्या, म्हणजे तारेवरून वर नेणाऱ्या पाळण्यांच्या, तळाजवळील सौम्य उतारांवरच निवडावी. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवट शिखराच्या बाजूला सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेतो. वरच्या उतारांवर हिमस्खलनाचा धोका खरा आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे एका परदेशी स्कीपटूचा जीव गेला. हिमस्खलनाचा इशारा १ ते ५ अशा पायऱ्यांत दिला जातो. आपल्याला वर जायचे नसले तरी तो रोज वाचावा, कारण गटातील एखादा उत्साही तरुण वर जाण्याचा हट्ट धरतोच.

स्पर्धेच्या सकाळी बर्फ हाताने तपासावा. हातमोजा घातलेल्या मुठीत तो दाबला की कोरडा बर्फ साखरेसारखा गळून पडतो, ओलसर बर्फाचा लाडू वळतो, आणि फारच ओला असेल तर बोटांमधून पाणी निथळते. ताजा, भुसभुशीत बर्फ असेल तर सर्वांनी स्की घालून आडवी पावले टाकत मार्ग तुडवून घट्ट करावा. या कामात तासभर जातो, पण अंगही तापते. लाडू वळणारा किंवा पाणी सोडणारा बर्फ असेल तर मीठ पातळ फेकावे. मिठाने बर्फाचे काही कण वितळतात, त्यासाठी लागणारी उष्णता आसपासच्या ओल्या बर्फातून खेचली जाते आणि तो गोठून कडक होतो. कोरड्या बर्फावर मात्र मीठ वाया जाते, कारण या क्रियेला ओल लागते. आकाश सपाट पांढरे असेल आणि जमिनीचे चढउतार दिसत नसतील, तर गळून पडलेल्या सूचिपर्णी काड्या मार्गावर विखुराव्यात. नजरेला आधार मिळतो. मार्चकडे झुकणाऱ्या दिवसांत अकरानंतर बर्फ लापशीसारखा होतो, म्हणून मुलांची फेरी सर्वांत आधी घ्यावी.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे आणि गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, त्यामुळे पहिल्या दिवशी डोके दुखणे, धाप लागणे स्वाभाविक आहे. दोन महिने आधीपासून दर रविवारी रालामंडलची टेकडी चढवावी. विरळ हवेची सवय त्याने होत नाही. मांड्या तयार होतात, आणि स्कीवर आधी थकतात त्या मांड्याच. मोज्यांबाबत प्रत्येकाला स्वतः दाखवून द्यावे: थंडीच्या भीतीने लोक दोन-दोन जोड घालतात, त्यांची एक सुरकुती बुटाच्या कडक कवचाखाली दबते आणि दुपारपर्यंत नडगीवर लाल वळ उठतो. लोकरीचा एकच लांब जोड, गुडघ्याखालपर्यंत ताणून घातलेला, पुरेसा होतो.

बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. गटात निदान चार जणांकडे पोस्टपेड जोडणी असावी आणि फोन आतल्या खिशात ठेवावा, कारण थंडीत बॅटरी भराभर उतरते. विमा घेताना साहसी खेळ त्यातून वगळलेले नाहीत ना, हे अटींमध्ये पाहावे. हाड मोडल्यास नेण्यासाठी श्रीनगरच्या बरझुल्ला भागात सरकारी अस्थिरोग रुग्णालय आहे. गुलमर्गपासून श्रीनगर सुमारे ५० किलोमीटर असून, तंगमर्गपर्यंतचा घाट उतरायला चाकांना साखळ्या लावलेली गाडी स्पर्धा संपेपर्यंत चालकासह उभी ठेवावी.

परतीचे तिकीट काढताना गुलमर्ग सोडणे आणि जम्मूकडच्या कटऱ्याहून इंदूरला येणारी मालवा एक्स्प्रेस पकडणे यांच्यामध्ये एक पूर्ण दिवस रिकामा ठेवावा. जून २०२५ पासून श्रीनगर ते कटरा रेल्वे सुरू झाल्याने रामबनजवळ महामार्ग बंद पडला तरी दुसरी वाट आहे, पण तंगमर्गचा घाट बर्फाने अडला तर श्रीनगरलाच पोहोचता येत नाही. त्या एका दिवसाच्या खोल्यांचे पैसे वर्गणीतच धरावेत, आणि तो दिवस वापरावा लागला नाही तर इंदूरला परतल्यावर आठवड्याच्या आत ते ज्याचे त्याला परत करावेत.