परदेशात दोघांचं बिऱ्हाड थाटताय? या चुका टाळा

सुट्टीला सांगलीत आले की विश्रामबागेतल्या घरी कुणीतरी नवं जोडपं चहाला येतंच. तो जर्मनीला निघालेला असतो आणि ती ‘त्याच्याबरोबर’. प्रश्न ठरलेला, “ताई, बॅगेत काय काय भरायचं?” बॅगेचं सांगतेच. पण स्टुटगार्टला आमचं जे जे अडलं ते बॅगेमुळं नाही, नावामुळं अडलं.

माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. तिथल्या दाराच्या बेलवर आणि खालच्या पत्रपेटीवर मात्र ह्यांचंच. आपल्याकडं पोस्टमन ‘पाटलांची सून’ म्हटल्यावर पत्र आणून देतो. तिथं बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पेटीवरचं आडनाव वाचून पत्र पडतं आणि आडनाव नसेल तर ते आलं तसं परत जातं. नवीन घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत नोंदणी करावी लागते, तिला अनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, भाडेकरार दाखवून भागत नाही. नोंदणी झाली की प्रत्येकाचा टॅक्स नंबर पोस्टानं येतो. ह्यांचा आला. माझी पत्रं दोन महिने परत जात होती आणि मी इकडं सरकारी खात्याला नावं ठेवत बसले होते. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजींनी पेटीकडं बोट दाखवलं. तेव्हा पहिल्याच दिवशी, सामान उघडायच्या आधी, दोन्ही आडनावं लिहून चिकटवा.

याच्याच मागे दुसरी चूक उभी असते. लग्नात नाव बदललं, पण कागदोपत्री अर्धंच. लग्नाच्या दाखल्यावर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, पदवीवर तिसरंच स्पेलिंग. इथं कुणी हरकत घेत नाही, तिथं तीन नावं म्हणजे तीन बायका. लग्नाची नोंद गावात ग्रामपंचायतीत किंवा शहरात महापालिकेत वेळेत करा आणि दाखल्यावर दोघांचीही नावं पासपोर्टप्रमाणेच घाला, अक्षर न् अक्षर. वकिलातीच्या यादीत जे शिक्के सांगितलेत ते इथूनच मारून घ्या. तिथं गेल्यावर एका शिक्क्यासाठी सासऱ्यांना मुंबईला पिटाळावं लागतं. दाखला मराठीत असेल तर भाषांतराचीही सोय बघा. हा दाखला अनमेल्डुंगच्या वेळी दाखवला नाही तर नवरा अविवाहितांच्या टॅक्स वर्गात, म्हणजे पहिल्यात, बसतो. बायको कमावत नसताना नवऱ्याला तिसरा आणि तिला पाचवा वर्ग मागून घेतला तर दर महिन्याला हातात येणाऱ्या पगारात फरक पडतो.

पैशाच्या हिशेबात सगळ्यात महाग पडते ती विम्याची चूक. तिथं आरोग्य विमा कायद्यानंच सक्तीचा आहे. तरुण मुलगा, तब्येत ठणठणीत, पगार बरा, त्याला खासगी विम्याचा हप्ता कमी दिसतो आणि बायको यायच्या आधीच तो सही करून मोकळा होतो. सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात धरली जातात. खासगीत प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा. आणि एकदा खासगीत गेलेल्याला सरकारी विम्यात परत फिरणं सोपं नसतं. सही एकाची असली तरी निर्णय दोघांनी बसून घ्या.

घर बघताना भाडं ‘थंड’ की ‘गरम’ ते विचारा. थंड म्हणजे नुसतं भाडं. गरम म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. वीज बहुधा वेगळीच. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं, आणि ते तीन हप्त्यांत देता येतं. स्वयंपाकघर आहे का तेही विचारा. पुष्कळ घरांत ओटाच नसतो, भिंतीतून नुसते नळ बाहेर आलेले. आणखी एक, दार मागे ओढलं की आपोआप बंद होतं. कचरा टाकायला खाली जाताना किल्ली घ्या. रविवारी किल्लीवाल्याला बोलवायला लागलं की त्या किमतीत सांगलीत नवीन दार येईल.

आता बॅग. हळद, तासगावचे बेदाणे, भडंग, कोरड्या चटण्या खुशाल न्या. तूप नको, युरोपात प्रवाशाला बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताजा कढीपत्ता नि आंबेही घरीच ठेवा. साताऱ्याच्या आत्यांनी कंदी पेढ्यांचा डबा दिलाच तर मुंबईपर्यंत गाडीत संपवावा. मिक्सर चालतो, वीज 230 व्होल्टचीच आहे, फक्त पिन बदला. कुकर मात्र सपाट बुडाचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. आईचा जुना अॅल्युमिनियमचा नेऊन मी तो दोन वर्षं कपाटावर ठेवला.

इकडच्या कागदांचं थोडक्यात. नोकरीसाठी गेल्यावर इथलं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्या. शेताच्या कामासाठी भावाला तिकडून मुखत्यारपत्र पाठवलंत तर महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आणि चार युरो साठले की गावाकडं दोन एकर ऊस घेऊ, हा बेत सोडा. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आलेली ठेवता येते.

जर्मन भाषेचा क्लास नेहमी नवरा लावतो, कारण कंपनी पैसे देते. त्याचं ऑफिस इंग्रजीत चालतं. डॉक्टर, बेकरी, जिना झाडायच्या पाळीवरून येणाऱ्या शेजारीणबाई (त्या भागात ही पाळी फार गंभीर प्रकरण आहे), हे सगळं तिच्या वाट्याला येतं. फोल्क्सहोखशूले नावाच्या संस्थेत कमी फीचे वर्ग असतात, आल्या महिन्यात तिचं नाव घाला. मी ते केलं नाही. सांगलीशी वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. आईची दुपार धरून फोन, मग मावशी, मग मैत्रीण. सहा महिने माझं घड्याळ सांगलीचंच चालू होतं आणि खालच्या चौकातल्या दुकानांची नावंही मला सांगता आली नसती.

परवा आलेल्या मुलीला मी पहिलं हेच विचारलं, “पासपोर्टवर आडनाव कुठलं आहे तुझं?” तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो म्हणाला, “बदललंय ना आपण?” ती म्हणाली, “तुम्ही फॉर्म आणणार होता.”