डायनासोरच्या हाडांत आजार शोधताना या चुका टाळा

डायनासोरच्या हाडावर गाठ दिसली, छिद्र दिसलं किंवा हाड वाकडं दिसलं की लगेच आजाराचं नाव जाहीर करायची घाई होते. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत हे दिसतं आणि बातम्यांतही. जीवाश्मांतले आजार ओळखणं ही शिकता येण्यासारखी गोष्ट आहे, पण नेहमीच्या काही चुका आधी टाळायला हव्यात.

गाठ म्हणजे जुळलेलं हाड, असं धरून चालणं

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती जाणकारांच्याही हातून झालेली आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात डायनासोर प्रोव्हिन्शियल पार्कमध्ये 1989 मध्ये सेंट्रोसॉरस या शिंगवाल्या, शाकाहारी डायनासोरचं फिब्युला मिळालं. फिब्युला म्हणजे गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बारीक हाड. त्याचं एक टोक वेडंवाकडं फुगलेलं होतं. मोडून जुळलं असेल, असं समजून ते संग्रहात ठेवलं गेलं.

पुढे रॉयल ओंटारियो म्युझियम आणि मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी ते पुन्हा हातात घेतलं. या गटात जीवाश्मतज्ज्ञ होते, तसेच माणसांवर उपचार करणारे डॉक्टरही होते. त्यांनी सीटी स्कॅन केला, हाडाचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शेजारी त्याच जातीचं निरोगी फिब्युला आणि हाडाचा कर्करोग झालेल्या माणसाचं फिब्युला ठेवून तुलना केली. निदान निघालं ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कर्करोग, तोही बराच पसरलेला. 2020 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त ते प्रसिद्ध झालं. मला या कामातला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो तो निरोगी हाडाशी केलेली तुलना. ती नसेल तर स्कॅन कितीही चांगला असला तरी अर्थ लावता येत नाही.

मोडलेलं हाड जुळतं तेव्हा आत मोडीची रेषा किंवा सरकलेली टोकं बऱ्याचदा ओळखू येतात आणि नवं हाड त्यांच्याभोवती चढतं. कर्करोगात मूळ रचनाच पोखरली जाते आणि आत-बाहेर अस्ताव्यस्त हाड तयार होतं. हा फरक वरवर पाहून कळत नाही.

मेल्यानंतरच्या खुणांना आजार समजणं

कोट्यवधी वर्षं गाळाखाली दबलेलं हाड चेपतं, वाकतं, तडकतं. किडे त्यात बिळं करतात, मेलेल्या जनावरावर ताव मारणाऱ्यांचे दात उमटतात. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: हाडाने प्रतिसाद दिला आहे का? छिद्राची कड गोलसर, भरत आलेली असेल तर प्राणी तेव्हा जिवंत होता. कड तीक्ष्ण असेल तर जखम मरताना किंवा मेल्यावर झालेली असू शकते.

पण प्रतिसाद दिसला म्हणून कारण कळलं असंही नाही. शिकागोच्या फील्ड म्युझियममधल्या ‘सू’ या टी. रेक्स जातीच्या मांसाहारी डायनासोरच्या खालच्या जबड्यातली छिद्रं बघा. ती चाव्याची मानली गेली. मग 2009 मध्ये, आजच्या पक्ष्यांना होणाऱ्या ट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवीच्या संसर्गासारखा आजार सुचवला गेला. 2022 च्या अभ्यासाने संसर्गाचं कारणही पटत नाही असं दाखवलं.

निरोगी हाडालाच आजारी ठरवणं

सॉरोपॉड म्हणजे लांब मानेचे, अवाढव्य शाकाहारी डायनासोर. त्यांच्या मणक्यांतल्या खोल पोकळ्या हवेच्या पिशव्यांसाठी असतात, रोगाने पडलेल्या नसतात. कमरेचे मणके एकमेकांना जुळलेले असणं हीही नेहमीची गोष्ट. अंडी घालण्याच्या काळात पक्ष्यांच्या माद्यांमध्ये हाडाच्या आतल्या बाजूला कॅल्शियमचा साठा म्हणून वेगळा थर धरतो. डायनासोरमध्ये असा थर दिसला की मादी की आजार, हा वाद खराच कठीण असतो.

माणसाची मोजपट्टी लावणं

डायनासोरचे जवळचे नातलग पक्षी आणि मगरी. त्यांच्यात संसर्गाचा पू सस्तन प्राण्यांसारखा पातळ वाहत नाही, घट्ट गोळा होतो, त्यामुळे हाडावरच्या खुणाही वेगळ्या पडतात. टी. रेक्सच्या हाताच्या हाडांत गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडचे खडे साचून होणारा सांध्यांचा आजार, असल्याचं 1997 मध्ये मांडलं गेलं. तिथे पक्षी आणि सरपटणारे प्राणी युरिक अॅसिड बाहेर टाकतात हे ध्यानात घेतलं तरच त्या मांडणीला अर्थ येतो.

आजार सापडला म्हणजे मरणाचं कारण सापडलं, असं मानणं

त्या सेंट्रोसॉरसचं हाड एका मोठ्या कळपाच्या अस्थिथरात, म्हणजे एकाच जागी साचलेल्या हाडांच्या थरात, मिळालं. कळप बहुधा पुरात सापडला असावा. कर्करोगाने हा प्राणी अधू झाला असेल, पण त्याला मारलं बहुधा पाण्याने. हाडावर खूण उमटायलाच वेळ लागतो. झटपट मारणारे कित्येक आजार हाडापर्यंत पोहोचतच नाहीत.

एका पाहणीवरून सगळ्या डायनासोरांबद्दल बोलणं

2003 मध्ये 10 हजारांहून अधिक मणक्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली आणि गाठी (ट्यूमर) फक्त हॅड्रोसॉर, म्हणजे बदकतोंड्या डायनासोरांत मिळाल्या. यावरून ‘गाठी बाकीच्यांना होतच नसत’ असं म्हणणं चूक, कारण तपासले होते ते मणके. सेंट्रोसॉरसची गाठ पायात होती.