साध्या कॅमेऱ्याने कोल्हापूरच्या रंकाळा तलावावरचे पक्षी

खिशातल्या छोट्या कॅमेऱ्यात आधी डिजिटल झूम बंद करा. तो पक्षी जवळ आणत नाही, फोटोचा तुकडा कापून ताणतो. तेवढं कापणं घरीही होतं. सकाळी चौपाटीच्या बाजूला थांबा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. बटण अर्धं दाबून फोकस धरून ठेवा आणि बगळ्याने मान ताणली की पूर्ण दाबा. हे कॅमेरे जरा उशिरानेच क्लिक होतात, म्हणून सलग फोटोंचा मोड लावलेला बरा. पांढरा बगळा हमखास चुन्यासारखा उमटतो, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) -०.७ करा, पिसं दिसतील. हात हलत असेल तर कोपर कठड्यावर टेका. उडत्या खंड्याचा नाद मात्र सोडा, तो बसेल तेव्हा बघू.