नवी इव्ही घेताय? मग इन्शुरन्स आणि रिपेअरचं हे आधी बघून घ्या

नवी इव्ही बुक करताना आपण रेंज विचारतो, चार्जिंगला किती वेळ लागतो ते विचारतो, रंग ठरवायला आठ दिवस घालवतो आणि इन्शुरन्सच्या कागदावर मात्र डिलिव्हरीच्या गडबडीत सही करून मोकळे होतो. मी पण तसंच केलं होतं. पहिल्याच वर्षी गाडीचं पोट एका मोठ्या दगडावर घासलं आणि वर्कशॉपमधून जे एस्टिमेट आलं ते बघून माझी झोप उडाली, त्यानंतर पॉलिसी ओळ न् ओळ वाचली, म्हणून सांगतोय, हे सगळं गाडी घ्यायच्या आधी करा.

आधी प्रीमियम आणि रिपेअर महाग का पडतं ते समजून घ्या म्हणजे पुढचे प्रश्न आपोआप सुचतील. गाडीच्या किमतीतला साधारण तिसरा हिस्सा एकट्या बॅटरीचा असतो, कधीकधी जास्तच. ही बॅटरी म्हणजे फ्लोअरखाली बसवलेली तीनचारशे किलोची सीलबंद पेटी. पेट्रोल गाडीला खालून दगड लागला तर ऑइल चेंबर फुटतं, ते बदललं की विषय संपला, इथे तोच दगड गाडीच्या सगळ्यात महागड्या पार्टला लागतो.

दुसरं म्हणजे हे काम कुठल्याही गॅरेजमधे होत नाही. आत 400 व्होल्टची सिस्टिम असते, काही गाड्यांमधे 800, त्या जाड केशरी वायरी दिसतात ना त्याच. वेल्डिंगसारखं काम निघालं की आधी हाय व्होल्टेज लाइन तोडायची, थोडा वेळ थांबायचं, मीटर लावून खात्री करायची आणि मगच हात लावायचा, याचे तास बिलात येतात आणि ते यायलाच हवेत, कारण काम करणाऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे. रंगकामात पण बॅटरी जास्त तापू नये म्हणून ओव्हनच्या टेम्परेचरला मर्यादा असते. बऱ्याच गाड्यांमधे जोराची धडक बसली की हाय व्होल्टेज लाइन तोडणारा पायरो फ्यूज उडतो, तो एकदाच चालतो, मग नवीनच टाकावा लागतो. आणि काचेमागे कॅमेरा असेल तर नुसती पुढची काच बदलली तरी कॅलिब्रेशनचा वेगळा खर्च (हा प्रकार नव्या पेट्रोल गाड्यांना पण आहे).

आता पॉलिसी. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते बॅटरी वॉरंटीच्या आकड्याला. बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटर वॉरंटी देतात, त्या काळात बॅटरीची क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तर त्या बघतात. पण ही वॉरंटी बनवण्यातल्या दोषाची आहे. दगड लागला, पाणी शिरलं, मागून कुणी ठोकलं, यातलं काहीच त्यात येत नाही, ते सगळं इन्शुरन्सवर. आणि इन्शुरन्सवाला म्हणणार की बॅटरी हळूहळू जुनी होऊन कमजोर झाली ते आम्ही देत नाही. म्हणजे दोघांच्या मधे एक फट राहते आणि बॅटरी नेमकी त्या फटीत अडकू शकते. म्हणून सही करायच्या आधी ईमेलवर विचारा, आणि उत्तर ईमेलवरच घ्या, फोनवर "सगळं कव्हर आहे सर" असं म्हटलेलं क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही:

- बॅटरीवर घसारा किती कापणार? झिरो डेप (म्हणजे घसारा न कापता पैसे देणारं ॲड-ऑन, जादा कव्हर) घेतलं तर ते बॅटरीला पण लागू आहे का, किती वर्षं?
- पाण्यामुळे किंवा चार्जिंग चालू असताना व्होल्टेज वाढल्यामुळे बॅटरी, मोटर, कंट्रोलर गेले तर देणार का? बऱ्याच ठिकाणी याला वेगळं ॲड-ऑन असतं.
- घरचा वॉल चार्जर आणि सोबतची केबल पॉलिसीत धरली आहे का? केबल चोरीला गेली तर?
- टोइंग फ्लॅटबेडचं आहे का? चाकं जमिनीवर ठेवून ओढलं तर मोटर फिरते, करंट तयार होतो आणि नुकसान वाढतं, म्हणून साधा दोर लावून ओढणारी व्हॅन उपयोगाची नाही.
- बॅटरी भाड्याने घेतली असेल तर तिचा मालक दुसरा आहे, ते पॉलिसीत लिहिलंय का?

डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपण स्वतः भरायची रक्कम, वाढवून प्रीमियम कमी करायचा मोह होतो, पहिल्या दोन वर्षांत तरी मी ते करणार नाही.

ॲक्सिडेंट झाला किंवा खालून जोरात काही लागलं तर गाडी बंद करा, बाहेर या, जळका किंवा रसायनासारखा वास येतोय का, धूर किंवा फुसफुस आवाज येतोय का बघा. तसं काही असेल तर लांब जा आणि फायर ब्रिगेडला सांगताना गाडी इलेक्ट्रिक आहे हे पहिलं सांगा. मार लागलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनी सुद्धा पेट घेऊ शकते, म्हणून अशी गाडी इमारतीपासून आणि बाकी गाड्यांपासून निदान 50 फूट लांब, उघड्यावर ठेवतात. पाण्यात बुडालेल्या गाडीचं पण तेच. बॅटरीत पाणी शिरत नाही म्हणून जे आयपी67 रेटिंग सांगतात ते म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, आणि तेही टेस्टमधल्या साध्या पाण्याचं गणित आहे. 2022 मधे फ्लोरिडात इयान वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडलेल्या इव्ही नंतर पेटल्या होत्या. पाणी ओसरलं म्हणून स्टार्ट करून बघू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. फोटो काढा, डॅशबोर्डवरच्या वॉर्निंगचा पण काढा, क्लेमला तो फार कामाला येतो.

आता एस्टिमेट, खरे पैसे इथेच वाचतात किंवा जातात. माझ्या गाडीला सरळ "बॅटरी पॅक रिप्लेस" लिहून दिलं होतं. मी भांडलो नाही, फक्त म्हटलं की हे कशावरून ठरवलं ते लेखी द्या. काय मागायचं ते लिहून ठेवा: फॉल्ट कोडची प्रिंट, इन्सुलेशन रेझिस्टन्सचं रीडिंग, कूलंट लीक टेस्ट, सगळ्या मॉड्यूलचे (पॅकमधल्या सेलच्या गठ्ठ्यांचे) व्होल्टेज, केसिंगवरच्या डेंटची खोली मिलिमीटरमधे आणि कंपनीच्या रिपेअर मॅन्युअलमधे किती खोलीपर्यंत चालतं तो आकडा. इन्शुरन्सच्या सर्व्हेयरला पण हेच कागद द्या. माझ्याकडे हे सगळं तपासल्यावर पॅक व्यवस्थित निघाला, खालची संरक्षक प्लेट बदलून काम झालं. पण उलट रिपोर्ट आला, केसिंगला भेग किंवा एखाद्या मॉड्यूलला मार निघाला, तर पैसे वाचवायला जुगाड करून घेऊ नका हो, त्या पेटीवर आपलीच माणसं बसणार आहेत.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न शोरूममधेच विचारा, पॅकमधलं एकेक मॉड्यूल बदलता येतं का? काही डिझाइनमधे, उदाहरणार्थ बीवायडीच्या 2020 मधे आलेल्या ब्लेड बॅटरीत, सेल मॉड्यूल न करता थेट पॅकमधे बसवतात. जागा वाचते, रेंज चांगली मिळते, पण एक भाग काढून दुसरा टाकणं अवघड होतं. मागची बॉडी एकाच मोठ्या कास्टिंगची असेल तर तिथला मार पण महागात जाऊ शकतो. आणि रिपेअरचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ठराविक टक्क्यांवर गेला की इन्शुरन्स कंपनी टोटल लॉस धरते, म्हणजे गाडी दुरुस्त न करता त्या विमा रकमेवर हिशोब मिटवते, म्हणून ती रक्कम प्रीमियम कमी करायला खाली आणू नका.

रोजच्या खर्चाचं फार टेन्शन नाही. इंजिन ऑइल नाही, रीजनमुळे (पाय उचलला की मोटरच गाडी हळू करते आणि बॅटरी चार्ज करते) ब्रेक पॅड खूप टिकतात, वजन आणि टॉर्कमुळे टायर मात्र लवकर झिजतात, त्याचे पैसे बाजूला ठेवा. छोटी 12 व्होल्टची बॅटरी पण असते, ती बसली तर मोठी बॅटरी फुल असून गाडी चालू होत नाही.

दर वर्षी रिन्यूअलच्या आधी सर्व्हिसला गेलात की गाडी लिफ्टवर असताना खालून चार फोटो काढून घ्या आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट तारखेसकट मागून घ्या, डेंट जुना की नवा हा वाद निघालाच तर हेच फोटो पुढे ठेवता येतात.