राउंडक्यूबवर आपला लोगो लावताना: आधी काय तपासून ठेवावे

रावेरची केळी निर्यात करणारी पेढी असो की धुळ्याची पतसंस्था, स्वतःच्या डोमेनवर राउंडक्यूब (ब्राउझरमध्ये मेल वाचायची प्रणाली) घेतले की लॉगिन पानावर आपला लोगो हवाच असतो. तो दिसत नाही म्हटल्यावर थेट कोडला हात घालू नका. आधी चित्र तपासा.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला लोगो घेऊ नका, त्यातली पारदर्शक पार्श्वभूमी गेलेली असते. फ्लेक्सवाल्याकडून मूळ फाइल मागून घ्या. ती बहुतेक सीएमवायके (छपाईच्या) रंगांत असते, म्हणून आरजीबी (स्क्रीनचे रंग) करून एसव्हीजी किंवा पीएनजी काढा. आयफोनच्या एचईआयसी फोटोचे नुसते नाव बदलून जेपीजी केले, तरी क्रोम तो दाखवत नाही. नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. विंडोज लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, लिनक्स सर्व्हर करतो. ऑफिसात दिसणारे चित्र सर्व्हरवर गायब होते ते बऱ्याचदा एवढ्याच कारणाने.

फाइल सर्व्हरवर चढवताना एफटीपी (फाइल पाठवायचे साधन) बायनरी मोडवर ठेवा, आस्की मोडमध्ये चित्र बिघडते. मध्येच लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून दोन्हीकडचे बाइट जुळवून पाहा. सर्व्हरवर वाचण्या-लिहिण्याची परवानगी फाइलला ६४४, फोल्डरला ७५५ ठेवा.

राउंडक्यूबसोबत येणाऱ्या मूळ इलास्टिक स्किनमध्ये (स्किन म्हणजे पानांचे रूप ठरवणाऱ्या फाइलींचा संच) बदल करू नका, पुढच्या अपग्रेडला ते पुसले जातात. फक्त लोगो बदलायचा असेल तर कॉन्फिग फाइलमधली लोगोची सेटिंग पुरते. जास्त बदल असतील तर वेगळ्या नावाचे फोल्डर करा आणि त्याच्या मेटा फाइलमध्ये ही स्किन इलास्टिकवर आधारलेली आहे असे नोंदवा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाथमध्ये, म्हणजे फाइलच्या पत्त्यात. टेम्पलेटमध्ये (पानाच्या साच्यात) स्लॅशने सुरू होणारा पाथ स्किनच्या फोल्डरपासून धरला जातो, साइटच्या मुळापासून नाही. सीएसएसमधला (रंग-मांडणी ठरवणाऱ्या फाइलमधला) सापेक्ष पाथ मात्र त्या सीएसएस फाइलच्या जागेपासून मोजतात. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: शेजारी मिनिफाइड (मोकळ्या जागा काढून आटोपशीर केलेली) सीएसएस असेल तर राउंडक्यूब तीच उचलते. साध्या फाइलमध्ये कितीही बदल करा, पानावर काही हलत नाही. लेस फाइल (जिच्यापासून सीएसएस तयार होते) बदलली असेल तर कंपाइल करा आणि मिनिफाइड प्रतही नव्याने बनवा.

एवढे करूनही चित्र दिसले नाही तर एफ१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान कंट्रोल-एफ५ने ताजे करा आणि चित्रासमोरचा आकडा वाचा. ४०४ म्हणजे नाव किंवा पाथ चुकला. ४०३ म्हणजे परवानगी नाही, नाहीतर हॉटलिंक संरक्षण (दुसऱ्या साइटवरून चित्र उचलू न देणारी सोय) आडवे आले. २०० आहे पण प्रकार एचटीएमएल, तर चित्राऐवजी दुसरेच पान आले. एसव्हीजी ऑक्टेट-स्ट्रीम (अनोळखी फाइल) म्हणून येत असेल तर सर्व्हरवर त्याचा माइम प्रकार, म्हणजे फाइल कसली आहे हे सांगणारी नोंद, जोडा. शेजारच्या कन्सोल टॅबमध्ये सुरक्षा धोरणाची (सीएसपी) तक्रार असेल तर त्या धोरणातल्या इमेजच्या परवानगीत चित्राचा पत्ता घाला. एचटीटीपीएस पानावर चित्राचा पत्ताही एचटीटीपीएसच द्या.

सगळे बरोबर असून लोगो दिसत नाही? डार्क मोड पाहा, पारदर्शक पार्श्वभूमीवरची काळी अक्षरे तिथे हरवतात.

आलेल्या मेलमधली बाहेरची चित्रे दिसत नसतील तर स्किनला दोष देऊ नका. ती सुरक्षेसाठी अडवलेली असतात, त्यांची सेटिंग वेगळी आहे.