टेबलावरच्या लढाईत तुकडी हुकूम कधी मोडते: मोराल चेक असा लावा

टेबलावर लढाईचा खेळ मांडायला लागणारा नकाशा, काउंटर (तुकड्यांच्या सोंगट्या), चाल आणि गोळीबाराचे नियम हे तुमच्याकडे तयार आहे असं धरतो. प्रश्न उरतो तुकडी हुकूम ऐकणार का याचा. त्यासाठी फासे टाकून तुकडीचा धीर तपासायचा, हाच मोराल चेक. बरेच जण सांगतात दर हुकुमाला फासे टाका. तसलं काही करू नका, निम्मी संध्याकाळ फासे टाकण्यात जाते आणि डोकं चालवायला काही उरतच नाही.

आधी प्रत्येक तुकडीला मोरालचा आकडा द्या, नवखी ६, साधी ७, कसलेली ८. दोन फासे टाका, बेरीज तेवढी किंवा कमी आली की पास. ७ ला पास व्हायची शक्यता ५८ टक्के, ८ ला ७२, ९ ला ८३, म्हणजे एका आकड्याने सुद्धा मोठा फरक पडतो. म्हणून आकड्यात वाढ सरदार शेजारी असल्याची १, आडोशाची १, बास. बोनसची जंत्री लावलीत तर तुकडी मरेपर्यंत जागची हलत नाही.

आता खरं अवघड, चेक घ्यायचा कधी. मला सगळ्यात जास्त यानेच छळलंय. नुकसान झालं की चेक, शेजारची पळाली की चेक, असं ठेवलं की एकीला बघून दुसरी, दुसरीला बघून तिसरी, आणि पहिल्याच टर्नला आख्खी फळी गायब. पानिपतावर १७६१ साली विश्वासराव पडल्यावर फौजेचा धीर सुटला हे खरं, पण ती माणसं उपाशीपोटी दुपारपर्यंत लढलेली होती, सकाळी सकाळी कोणी पाठ दाखवली नव्हती. तेव्हा चेक फक्त तीन कारणांना: एका टर्नमध्ये एक तृतीयांश ताकद गेली, बगलेवर किंवा पाठीवर हल्ला आला, किंवा डोळ्यासमोर सरदार पडला. कारणं कितीही असोत, एका तुकडीला एका टर्नमध्ये एकच चेक. हा नियम कुणी कितीही हुज्जत घातली तरी सोडू नका.

आणि नापास म्हणजे लगेच पळाली असं नको. १-२ ने हुकलं तर तुकडी डळमळीत: जागा धरेल, मागे ये म्हटलं तर येईल, पण शत्रूकडे पाऊल टाकणार नाही. ३ किंवा जास्तने हुकलं तर फुटली, मग तुमचा कुठलाच हुकूम नाही. पेशवे आणि इंग्रजांची खडकीची लढाई (५ नोव्हेंबर १८१७) मांडा म्हणजे कळेल. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांचे घोडेस्वार दलदलीत अडकलेत, समोरून गोळीबार, एक तृतीयांश गेले, मोराल ८, फासे ६ आणि ४. दोनने हुकले, डळमळीत. आता हल्ला करा म्हणून काही उपयोग नाही, एकतर त्यांना मागे घ्या नाहीतर सरदाराला तिथे पाठवून दुसरी बाजू उघडी टाका. खेळ इथे आहे!

सावरायला सरदार शेजारी हवा, शत्रू बंदुकीच्या टप्प्याबाहेर हवा, आणि एका टर्नला एकच पायरी वर: फुटलेली ती डळमळीत, डळमळीत ती ठीक. अपवाद एकच, मागे वाटच नसेल तर फुटलेली तुकडी डळमळीत धरायची, कारण सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे पळायला लागले तेव्हा सूर्याजीनं दोर कापून त्यांना परत फिरवलं असं सांगतात, ते या नियमात बसतं.

कोण कुठल्या अवस्थेत आहे ते तोंडी लक्षात ठेवू नका, भांडणं होतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकातून रंगीत गोल स्टिकर आणा, काउंटरवर डळमळीतला पिवळा, फुटलेल्याला लाल.