आठ डबडी आणि एक सर्व्हर

यावलजवळच्या आमच्या शाळेत ८ जुने कोअर टू ड्युओ कॉम्प्युटर पोत्याखाली पडून होते. रॅम २ जीबी, हार्डडिस्क मेलेल्या. भंगारवाला किलोवर मागत होता. म्हटलं, थांब भाऊ जरा.

वेगळ्या एका बऱ्या मशिनला सर्व्हर केलं: त्यावर उबंटू (लिनक्स) आणि एलटीएसपी, म्हणजे एका सर्व्हरवरून बाकीचे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकलं. मग ही आठ डबडी नेटवर्कवरूनच बूट (सुरू) होतात, हार्डडिस्क लागतच नाही. पण स्क्रीनवर 'पीएक्सई-ई५३' हा एरर आणि सगळे ठप्प. म्हणजे आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो, सुरू व्हायला लागणाऱ्या बूट फाइलचं नाव मिळत नाही. मी येड्यासारखा दोन दिवस केबली बदलत बसलो! आयपी राउटर देत होता. फाइलचं नाव सर्व्हरवरच्या डीएनएसमास्क नावाच्या प्रोग्रॅमने सांगायचं, आणि सर्व्हरचीच फायरवॉल त्याच्यापर्यंत विचारणा पोचू देत नव्हती. लॅबकडच्या लॅनकार्डवर फायरवॉल मोकळी केली, आणि ६ मशिनी लगेच उठल्या.

उरलेल्या दोन मात्र रोज सकाळी रुसायच्या. लाइट गेली की बायोसची (मशिन चालू होतानाची) सेटिंग पुसली जाऊन नेटवर्क बूट बंद. घड्याळ २००७ दाखवायचं, तेव्हा ट्यूब पेटली. ही सेटिंग आणि घड्याळ जपणारे मदरबोर्डवरचे सीआर२०३२ सेल बदलले, काम झालं.

सर्व्हर ते स्विच (सगळ्या केबली जोडायचा डबा) ही जोडणी गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसची ठेवा. १०० एमबीपीएसवर पोरं जांभया देतात.